धोंडीबाई भगत बघायला निघते

मरायच्या आधी माणसं काशीला जातात, शिर्डीला जातात, अगदीच नाही तर ठाण्याच्या लेकाकडे जाऊन चार दिवस पंख्याखाली बसतात. तुळशीदासची आई धोंडीबाई मसणवटे बघायला निघाली होती. तेही बाजाराच्या दिवशी.

खोडाळ्याचा बाजार म्हणजे तुळशीदासच्या जीपचा सण. पाड्यापाड्यांवरून माणसं, कोंबड्या, नागलीची गाठोडी, रडणारी पोरं, सगळं एकावर एक रचून तो तीन-तीन फेऱ्या मारायचा. आज त्याच जीपमध्ये मधल्या सीटवर एकटी धोंडीबाई बसली होती, मांडीवर भाकरीचं फडकं ठेवून, एखाद्या आमदाराच्या थाटात. रस्त्याकडेला ओळखीची माणसं हात करत होती आणि तुळशीदास मान हलवून नाही म्हणत होता.

"घे की त्याला," आई मागून म्हणाली. "आपण मसणातच चाललोय. वाटेत उतरंल तो."

"आये, तू गप बस."

जव्हारच्या डॉक्टरांनी तिला तपासून सांगितलं होतं की हृदय थकलंय. चढ चढू नका, दगदग करू नका, मीठ कमी खा. यातलं धोंडीबाईने एकच मनावर घेतलं, हृदय थकलंय. त्याच संध्याकाळी ओट्यावर बसून तिने जाहीर केलं, "माजा भगत मी बघणार."

आता भगत आणायचा असतो माणूस मेल्यावर, आणि आणायचा असतो घरच्यांनी. त्यांच्या माणसांत कोणी गेलं की काही दिवसांनी त्याचा 'दिवस' करतात. भगत काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी चिकटवतो, तिच्यावरून बोटं ओढत राहतो, आणि थाळीतून भुंग्यासारखा घूं आवाज निघू लागतो. त्या आवाजावर तो गातो. मेलेल्याला वाट दाखवत जुन्या माणसांपर्यंत नेऊन सोडतो. पण निघायच्या आधी मेलेला माणूस भगताच्या तोंडून घरच्यांचा निरोप घेतो, एकेकाला नावाने हाक मारतो, आणि ज्याला हाक आली त्याने 'आहे' म्हणायचं. ज्याचं नाव घेतलं तो त्याचा. ज्याचं राहिलं तो कुणाचाच नाही. हे सगळं तुळशीदासला मान्य होतं. पण जिने मरायचं तिनेच नवरी बघितल्यासारखं गावोगाव जाऊन भगत पसंत करायचा, हे त्याने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

आणि एवढं सगळं कशासाठी, तर तानीसाठी.

तानी तुळशीदासची धाकटी बहीण. वाळूबरोबर पळून गेली. वाळूच्या घराण्यात कोणाच्या नावावर कधी वीतभर शेत नव्हतं. मिळेल तिथे मजुरी, पावसाळा संपला की वीटभट्टी. ती दोघं आता साखरशेतला झोपडं बांधून राहत होती. तानी गेली तेव्हा धोंडीबाईने अख्ख्या पाड्यासमोर मुठीत माती घेऊन शपथ घेतली होती की जिवंत आहे तोवर हिचं तोंड बघणार नाही. आणि बाई शब्दाची पक्की. नवरा गेला तेव्हाही तिने साखरशेतला सांगावा धाडू दिला नाही. त्याच्या दिवसाला भगताच्या तोंडून सगळ्यांची नावं आली, तानीचं आलं नाही. म्हाताऱ्यानेही लेक टाकली म्हणून पाड्याने मान डोलावली आणि विषय संपला.

आता दुखणं आलं तशी धोंडीबाई विरघळली. तिला तानीला हाक मारायची होती. जिवंतपणी नाही, कारण शपथ. मेल्यावर, आपल्या दिवसाला, भगताच्या तोंडून.

"अगं, मग आताच जाऊन बोल ना तिच्याशी!" तुळशीदास म्हणाला होता. "साखरशेत काय अमेरिकेत हाय?"

"शपथ हाय."

"तूच घेतली, तूच सोड."

"अशी सुटती काय शपथ? ती काय तुज्या जीपचा बिरेक हाय, पाय उचलला की सुटला?"

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी वर्षालीच, तुळशीदासची बायको, कंटाळून म्हणाली, "एकदा फिरवून आणा तिला. नायतर ती आपल्या सगळ्यांना पोचवून मग जाईल." म्हणून आज ही वरात निघाली होती.

भगत बघायची धोंडीबाईची रीतही जगावेगळी. भगताच्या घरी थेट जायचं नाही. आधी त्याच्या गावचा जुना मसणवटा बघायचा. ज्याला आपल्या गावची मेलेली माणसं नीट ठेवता येत नाहीत तो परक्या गावच्या म्हातारीला काय ठेवणार, असं तिचं म्हणणं. तुळशीदासने वाद घातला नाही. वाद घालण्यात पेट्रोल जात नसलं तरी जीव जातो.

पहिला पांड्या भगत, खोडाळ्याच्या अलीकडेच राहणारा. त्याच्या गावचा मसणवटा ओढ्याकाठी होता. जुने चिरे, म्हणजे मेलेल्यांच्या नावाने उभे केलेले कोरीव दगड, ओळीने उभे होते. वरच्या बाजूला चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. किती पिढ्यांचे, ते कोणाला सांगता आलं नसतं. अर्धे करवंदीच्या जाळीत गडप झाले होते. एका घोडेस्वाराच्या चिऱ्याला कोणीतरी बकरी बांधून ठेवली होती आणि ती बिनघोर त्याच्या पायाशी लेंड्या टाकत होती.

"बघ," धोंडीबाई म्हणाली.

"काय बघू? बकरी हाय."

"कोणाची हाय?"

बकरी पांड्या भगताचीच निघाली. पण माणूस गोड होता. त्याने आत घेतलं, पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला, धोंडीबाईचं सगळं ऐकता ऐकता दोनदा डोळे पुसले. तुळशीदासला वाटलं, झालं काम, बाजाराची शेवटची फेरी तरी मिळते. मग धोंडीबाईने विचारलं, "घरच्यांनी आधी काय सांगून ठेवलं, याचं नाव घे, त्याचं घेऊ नको, तर तू काय करणार?"

"सांगा की मावशे," पांड्या म्हणाला. "तुमी सांगाल तसं. नावं आधी कळली तर मना गाण्यात बसवाया पण बरी पडतात."

धोंडीबाईने चहाचा कप खाली ठेवला. "चल तुळश्या."

जीपमध्ये बसल्यावर तुळशीदास फुटलाच. "काय वाईट होतं त्याच्यात? तू सांगशील ते नाव घेतो म्हणाला. अजून काय पायजे तुला, लेखी?"

"तो नको."

"बकरीमुळं?"

"बकरीचा काय दोष?" असं म्हणून तिने भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकर त्याच्या हातात दिली आणि बाहेर बघत बसली.

मोखाडा मागे पडला. दुपार डोक्यावर आली तेव्हा ते जव्हारजवळच्या एका गावात पोचले. इथला भगत भावेश. वयाने तरुण, कॉलेजात जाऊन आलेला, मोबाइलवर त्याच्या थाळीचे व्हिडिओ होते आणि ते लोक बघतही होते. त्याच्या गावचा मसणवटा पाहून तुळशीदास खूश झाला. सगळे चिरे धुतलेले, खाली सिमेंटचा ओटा, भोवती लोखंडी कठडा, आणि घोड्यांना निळा ऑइलपेंट. शनिवार-रविवारी बाहेरची माणसं फोटो काढायला यायची म्हणे.

"बघ आता. याला म्हणतात ठेवणं," तुळशीदास म्हणाला.

धोंडीबाई वाकून एका घोड्याला नखाने खरवडत होती. "याचं कोरलेलं तोंड रंगात बुजलं. आता हा कोणाचा आजा, ते त्याच्या नातवाला तरी ओळखू येईल काय?"

"नातू कधीच मेला असेल, आये."

"मग त्याचा नातू असंल. तुला काय करायचं?"

भावेश मात्र तिच्या बोलण्याला रागावला नाही. त्याने खुर्च्या मांडल्या, पंखा त्यांच्याकडे फिरवला आणि शाळेतल्या मराठीत समजावून सांगितलं. "आजी, तुम्ही काळजीच करू नका. तुमच्या मुलीला जे सांगायचं ते आम्ही आजच तुमच्या स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवतो. दिवसाच्या वेळी थाळी सुरू असताना योग्य जागी ते लावायचं. म्हणजे शब्दाचाही फरक पडणार नाही."

तुळशीदासला त्याला मिठी मारावीशी वाटली. एवढी सोपी गोष्ट आजवर आपल्याला कशी सुचली नाही!

"ते मशीन राहणार कोणाकडं?" धोंडीबाईने विचारलं.

"तुमच्या घरच्यांकडेच राहील, आजी."

"आणि बटण कोण दाबणार?"

"तेही घरच्यांपैकीच कोणीतरी."

धोंडीबाईने सावकाश मान वळवली आणि तुळशीदासकडे पाहिलं.

तो तरातरा जीपपर्यंत गेला. मग दार धाडकन लावून म्हणाला, "म्हणजे मी बटण दाबणार नाय, असं वाटतं तुला? पोटच्या पोराबद्दल?"

"तू दाबशील. पण पाडा बसलेला असंल ना समोर. चुलता म्हणंल, म्हाताऱ्यानं टाकलेली पोर हाय, कशाला नाव? वर्षालीला वाटंल, कशाला नवा ताप? तुना दोन माणसं बोलली की तू ऐकतोस. चांगला हायेस तू, पण ऐकतोस."

"तुझं ऐकतो म्हणून ही वेळ आलीय!" तुळशीदास ओरडला. पाणी भरणाऱ्या दोन बायकांनी रस्त्यापलीकडून वळून पाहिलं. "सकाळपासून अर्ध्या भाकरीवर फिरतोय! जो हो म्हणतो तो नको, जो मशीन देतो तो नको. देव स्वतः थाळी घेऊन आला तर त्याचाही मसणवटा बघशील!"

"वांगणीला बुधा हाय म्हणतात," धोंडीबाई म्हणाली. "तेवढा बघू."

वांगणीचा रस्ता म्हणजे रस्त्याची फक्त आठवण. वावर गाव सोडल्यावर डांबर हळूहळू विरळ होत गेलं आणि एका वळणावर त्याने निरोपच घेतला. जीपच्या पोटाखालचा भाग दगडांवर घासला की तुळशीदासच्या स्वतःच्या पोटाला ओरखडा गेल्यासारखं होत होतं. तो दगडांना शिव्या देत होता, रस्त्याच्या ठेकेदाराला देत होता, बुधाला देत होता, आणि ज्या माणसाने 'बुधा हाय' असं आईला सांगितलं त्याला तर न ओळखताच देत होता. मागे धोंडीबाई दोन्ही हातांनी सीट धरून बसली होती. तिला धाप लागली होती. ते आरशात दिसलं तेव्हा त्याने शिव्या थांबवल्या आणि गाडी अगदी हळू केली.

तिथला मसणवटा ऐनाच्या झाडांत होता. चिरे वाकडेतिकडे, शेवाळलेले, काही जमिनीत अर्धे गेलेले. कोणाचा घोडा झिजून नुसता उंचवटा राहिला होता. पण खालची जमीन झाडलेली होती. सुकलेला पाला एका बाजूला ढीग करून ठेवला होता आणि प्रत्येक चिऱ्यासमोर चिमूट-चिमूट तांदूळ वाहिलेले होते, ज्यांच्यावर काहीच ओळखू येत नव्हतं त्यांच्यासमोरही.

धोंडीबाई इथे काही बोलली नाही. एकेका दगडापाशी थांबत, त्याला हात लावत ती शेवटपर्यंत गेली आणि परत आली.

बुधा भगत अंगणात कुडाला कारवीच्या काठ्या बांधत बसला होता. वाळलेला, काळा, कपाळाला कायम आठी. त्याने बसा म्हटलं नाही. धोंडीबाई स्वतःच ओट्याच्या कडेला टेकली आणि तिने तोच प्रश्न विचारला. घरच्यांनी आधी सांगून ठेवलं तर काय करणार?

बुधाने काठी खाली टाकली. "उठ."

"काय?"

"उठ आणि चालायला लाग. आधी सांगितलेलं बोलायचं तर मी कशाला पायजे? थाळी लागली की जे येईल ते मी बोलतो. मना कोणी काय सांगायचं नाय. पोरानं नाय, पाटलानं नाय. एकदा एक जण सांगाया आला होता, त्याच्याकडं मी अजून जेवत नाय."

धोंडीबाईच्या तोंडावर असा काही उजेड पडला की तुळशीदास बघतच राहिला. "हाच," ती म्हणाली. "तुळश्या, हाच माजा भगत. याला ठरव."

"ठरला!" तुळशीदास म्हणाला. त्याला बुधाच्या पाया पडावंसं वाटत होतं.

"मग ऐक बुधाबाबा," धोंडीबाई पुढे सरकली. "माजी एक पोर हाय, तानी. माज्या दिवसाला तिचं नाव—"

"आता मी काय बोललो?"

"तेवढंच एक नाव."

"नाय."

"बाकी काय नाय सांगत मी. ते एकच—"

"नाय म्हटलं ना. मेल्यावर तुना घ्यायचं असलं तर तू घेशील. मी आधीपासून कबूल करायचा नाय."

धोंडीबाईचे डोळे भरून आले. आणि इथे मात्र तुळशीदासच्या सहनशक्तीचा बांध फुटला. "वा!" त्याने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "जो ऐकतो तो नको, कारण तो दुसऱ्याचं पण ऐकंल. जो दुसऱ्याचं ऐकत नाय तो पायजे, तर तो तुझंही ऐकत नाय. असा भगत अजून जन्माला यायचा हाय, आये! आणि तो जन्माला येईपर्यंत मी जीप विकून बसलेला असेन!"

बुधाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "लेक जिवंत हाय?" त्याने विचारलं.

"हाय," तुळशीदास म्हणाला. "साखरशेतला."

"आणि ही?"

"ही? ही जिवंत हाय. सकाळपासून माझा जीव घेतेय."

"मग माज्याकडं कशाला आलात?" बुधाने काठी पुन्हा उचलली. तोही आता वैतागला होता. "माजं काम मेलेल्यांचं. दोन जित्या बायकांमधलं मी काय करणार?"

ते परतीच्या वाटेला लागले. तुळशीदासचा राग ओसरला होता आणि त्या जागी नुसता थकवा उरला होता. डांबर लागल्यावर त्याने विचारलं, "सगळ्यांना तोच प्रश्न कशाला विचारत होतीस? भगताला आधी कोण सांगून ठेवतो? मी तर कधी ऐकलं नाय."

"सांगून ठेवलं तर ऐकतात," धोंडीबाई म्हणाली. "मना ठाऊक हाय."

त्याने ते कानाआड केलं. म्हातारी दिवसभर काय काय बोलली होती, त्यात आणखी एक.

फाटा जवळ आला. एक रस्ता घराकडे जात होता आणि दुसरा साखरशेतला. आजवर या फाट्यावर त्याने कधी गाडी हळूसुद्धा केली नव्हती.

"साखरशेतला घे," धोंडीबाई म्हणाली.

तुळशीदासने करकचून ब्रेक दाबला. "आणि शपथ?"

"घे म्हटलं ना."

"महिनाभर मी डोकं फोडतोय, तेव्हा शपथ होती! आज मला वांगणीपर्यंत—"

"तुळश्या," ती म्हणाली, "शपथ मोडल्यावर मना काय व्हायचं ते होऊ दे. तू गाडी चालव."

तानी घरासमोर पेंढा रचत होती. केसांत पांढरं दिसू लागलं होतं. जीप थांबली, तिने वर पाहिलं, दादाला ओळखलं, मग मागे बसलेल्या आईला. हातातली पेंढी तिने खाली ठेवली.

"कोण मेलं?" तिने विचारलं.

तुळशीदासला ते शब्द फार लागले. आपल्या घरून कोणी आलं तर कोणीतरी मेलेलंच असणार, एवढंच नातं उरलं होतं.

"कोणी नाय मेलं," धोंडीबाई म्हणाली. ती स्वतःच दार उघडून उतरली आणि पोरीच्या तोंडाकडे सरळ बघत उभी राहिली. "मी मरायची हाय. डॉक्टर बोलला."

"मग मेल्यावर सांगावा धाडायचा. जमलं तर येईन." तानीचा आवाज चढला नाही. "बाबाच्या वेळी तर तोही धाडला नव्हता. तरी आले होते मी."

"कधी?" तुळशीदासने विचारलं.

"दिवसाला. तुमच्या खळ्यामागं पेंढ्याच्या उडवीआड बसले होते. थाळी ऐकू येत होती. दादाचं नाव आलं, दादा आहे म्हणाला. वहिनीचं आलं. पोरांची आली. बैलांची पण नावं घेतली बाबानं, सर्जाचं आणि ढवळ्याचं. मी तोंडावर पदर दाबून बसले होते. माजी हाक आली की आहे म्हणायचं आणि मग तुमी काय मारायचं ते मारा, असं ठरवून." तिने हाताला चिकटलेला पेंढा झटकला. "तुजं मी समजू शकते आये. तू रागाची. पण बाबानं बैलांना हाक मारली आणि मना नाय मारली. ते मना आजपर्यंत समजलं नाय."

धोंडीबाईने जीपचा दरवाजा धरला.

"बाबानं नाय टाकलं तुना," ती म्हणाली. "मी भगताला सांगून ठेवलं होतं. तानीचं नाव घ्यायचं नाय म्हणून. तो ऐकणारा होता. ऐकला."

तुळशीदासला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. मग बकरी, निळे घोडे, मशीनचं बटण, सगळं एकदम त्याच्या समोर आलं. म्हाताऱ्याने टाकलेली म्हणून त्याने स्वतः बहिणीला टाकलं होतं. बाप मेल्यावर बोलला ते मोडायचं कसं, या एका गोष्टीवर त्याने इतकी वर्षं त्या फाट्यावरून गाडी सरळ नेली होती, भाऊबीजेलासुद्धा. आणि बाप काही बोललाच नव्हता. त्याला इतका संताप आला की आईकडे बघवेना.

"आये, तू—" त्याने सुरुवात केली.

"बाबा मरताना काय बोलला?" तानीने विचारलं.

"तानी आली का, विचारलं."

"मग तू?"

"मी म्हटलं, येते हाय. वाटेत हाय." धोंडीबाईने धरलेला दरवाजा सोडला नाही. "त्याला खरं वाटलं. दाराकडं बघत होता."

तानी पेंढ्यावर बसली. रडली नाही. तुळशीदास तिच्याजवळ गेला, पण खांद्यावर हात ठेवायचा त्याला धीर झाला नाही. धोंडीबाई जीपपाशीच उभी होती. माफ कर असं ती म्हणाली नाही, आणि तानीनेही ते ऐकायची वाट पाहिली नाही.

मग तानी उठली. घरात जाऊन तिने तांदळाची मूठ पदरात बांधली, चपला घातल्या, आणि शेजारणीला ओरडून सांगितलं की वाळू कामावरून आला तर सांग, बापाकडं गेलेय.

"दादा, बाबाचा चिरा मी बघितला नाय अजून," ती म्हणाली. "कुठं हाय?"

"मोहाखाली. आजाच्या शेजारी."

"चल."

ती पुढच्या सीटवर बसली. आईकडे तिने पाहिलं नाही, तिला चढायला हातही दिला नाही. तुळशीदासने धोंडीबाईला दंडाला धरून मागे चढवलं. ती पिसासारखी हलकी लागली आणि त्याचा राग एकदम कुठे ठेवायचा हेच त्याला कळेना. त्याने तिच्या पाठीशी तरट दुमडून लावलं, दार ओढून घेतलं, नीट बसलं का ते दोनदा बघितलं.

गाडी सुरू झाली. पुढे तानी काचेतून समोर बघत होती आणि तिच्या गालांवरून आता पाणी वाहत होतं, ती पुसत नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून तुळशीदास बोलला, आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

"मग आये, भगत कोणता ठरवायचा?"

"कोणी पण आण," धोंडीबाई मागून म्हणाली. "बकरीवाला आण, मशीनवाला आण. माजं बोलून झालं."